होळीची हैदराबाद सहल: जावं, की तारीख बदलावी?

वाचकाचं पत्र

आम्ही उदगीरला राहतो. घरात मी, मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ६७, शुगर आहे, रोजच्या गोळ्या चालू आहेत. जानेवारीत सगळं निवळल्यासारखं वाटलं म्हणून हैदराबादच्या अम्युझमेंट पार्कची सहल ठरवली. शुक्रवारी २६ मार्चला रात्रीच्या गाडीनं निघायचं, शनिवार-रविवार तिथं, धुळवडीच्या रात्री परतीची गाडी. चौघांची थ्री-एसीची तिकिटं काढलीत, हॉटेल दोन रात्रींचं ५,६०० रुपये, पार्कची तिकिटं ३,८०० रुपये. औरंगाबादहून दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा त्याच गाडीत येणार आहेत. आता रोज कोरोनाचे आकडे वाढायलेत. मिस्टर म्हणतात, पार्क मोकळ्या हवेत असतं, मास्क लावू, पैसे कशाला बुडवायचे. सासूबाई म्हणतात, मी घरी थांबते, लेकरं वर्षभर कोंडून बसलीत, त्यांना घेऊन जा. मला काही सुधरेना.
एक वाचक, उदगीर (१६ मार्च २०२१)

उत्तर

(हे उत्तर मार्च २०२१ मधलं आहे; यातले दर, नियम आणि निर्बंध त्या वेळचे.) ताई, या तारखांना जाऊ नका. सहल मोडू नका, पुढे ढकला, आणि हे काम सोमवार २२ मार्चच्या आत उरकून घ्या. तोपर्यंत हललात तर बहुतेक पैसे वाचतात. त्यानंतर दर दिवसाला ते कमी होत जातात.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उघड्यावर हा विषाणू पसरायला अवघड जातं, कारण श्वासातून निघालेले बारीक कण वाऱ्यानं विरळ होतात. उंच पाळणा, रोलर कोस्टर, झुलतं जहाज या राइड दोन-तीन मिनिटांच्या असतात आणि तोंडावर भरपूर वारा असतो. तिथला धोका खरंच कमी. पण पार्कमध्ये घालवलेल्या आठ तासांत राइडवरचा वेळ जेमतेम अर्धा-पाऊण तास भरतो. बाकीचा वेळ कुठं जातो, ते बघायला हवं.

बराचसा जातो रांगेत. तिथली रांग सरळ नसते, लोखंडी कठड्यांमधून नागमोडी वळवलेली असते आणि वर उन्हासाठी पत्र्याचं शेड. जमिनीवर एकेक मीटरवर गोल आखलेले असतात, पण ते पुढच्या-मागच्या माणसासाठी. शेजारच्या पट्टीतला माणूस हातभर अंतरावर असतो, आणि रांग वळेल तसे त्याच त्या लोकांच्या तोंडाजवळून तुम्ही पुन्हा पुन्हा जाता. सुट्टीच्या दिवशी एकेका मोठ्या राइडला अर्धा-पाऊण तास असं उभं राहावं लागतं. मार्चअखेरीच्या हैदराबादच्या उन्हात कपड्याचा मास्क तासाभरात घामानं ओला होतो. ओल्या मास्कमधून श्वास नीट येत नाही, मग माणूस तो नाकाखाली ओढतो. पाच वर्षांच्या लेकराकडून दिवसभर मास्कची अपेक्षाच करू नये. जागतिक आरोग्य संघटनाही पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्कची सक्ती करू नका, असंच सांगते.

दुसरी जागा फूड कोर्ट. चार भिंती, एसी, आणि सगळ्यांची तोंडं उघडी. तिसरी, अंधाऱ्या खोलीतल्या राइड आणि ते खुर्च्या हलवणारं थिएटर. मोकळ्या हवेचा मुद्दा या ठिकाणी पूर्ण गळून पडतो.

पाण्याच्या राइडबद्दल लोक उगाच पाण्याला घाबरतात. क्लोरिन योग्य प्रमाणात असलेल्या पाण्यातून हा आजार पसरल्याचं दिसलेलं नाही. अडचण वेगळीच असते. पाण्यात मास्क लावून उतरता येत नाही, लाटांच्या तलावात लोक खांद्याला खांदा लावून ओरडत असतात, आणि कपडे बदलायची खोली कोंदट, दमट, गच्च भरलेली. पाण्यापेक्षा त्या खोलीला घाबरा.

आता प्रवास. तुमच्या सहलीतला सगळ्यात लांब बंद-हवेचा तुकडा पार्कात नाहीच, तो थ्री-एसीच्या डब्यात आहे. साठ-सत्तर माणसं, न उघडणाऱ्या काचा, रात्रभर. झोपेत मास्क कुणाच्याही तोंडावर टिकत नाही. त्यातून सध्या रेल्वे पांघरूण-चादर देत नाही, ते ओझं घरून न्यावं लागतं. यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवता येतात तो स्लीपरचा डबा हवेच्या बाबतीत कितीतरी बरा, हे ऐकायला उलटं वाटलं तरी.

स्वतःच्या गाडीनं जाणं सर्वांत सुरक्षित. पण उदगीरहून जवळचा रस्ता बीदरवरून आहे, म्हणजे कर्नाटकातून, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे कर्नाटक फेब्रुवारीपासून ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह अहवाल मागतंय. आम्हाला नुसतं पुढे तेलंगणात जायचंय, हे नाक्यावर पटेल की नाही ते तिथल्या माणसाच्या मनावर. अहवाल नसेल तर देगलूरवरून मदनूर-पिटलम-संगारेड्डी हा रस्ता धरावा. तो महाराष्ट्रातून थेट तेलंगणात उतरतो. अंतर वाढतं, पण रात्री नाक्यावर लेकरं घेऊन हुज्जत घालावी लागत नाही.

दीर-जावेबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण आमच्या मते या सहलीतली सगळ्यात कच्ची कडी तीच आहे. औरंगाबादेत ११ मार्चपासून ४ एप्रिलपर्यंत अंशतः लॉकडाऊन लागलाय. रात्री नऊनंतर संचारबंदी, आणि शनिवार-रविवार सगळं कडकडीत बंद. ही बंदी उगीच लागलेली नाही, तिथला संसर्ग वाढलाय म्हणून लागलीये. शुक्रवारी गाडी पकडून ते निघतीलही. पण मग दोन घरांतली सात माणसं एका डब्यात, एका टेबलावर, संध्याकाळी एका खोलीत गप्पा मारत बसणार. परक्या माणसापासून आपण चार हात लांब राहतो. सख्ख्या दिरासमोर मास्क लावून कोण बसतं? लेकरं तर एकमेकांच्या ताटातलं खाणार. पार्कमधल्या हजार अनोळखी लोकांपेक्षा हा धोका मोठा आहे, आणि तो कुणी मोजत नाही.

सासूबाई घरी थांबल्यानं काय साधतं? फक्त त्यांचा प्रवास वाचतो. तुम्ही मंगळवारी, ३० तारखेला सकाळी घरात पाऊल टाकाल आणि लेकरं पळत जाऊन आजीला बिलगतील. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागतात, कधी चौदापर्यंत. लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस इतरांना आजार देऊ शकतो. लेकरांना तर पुष्कळदा काहीच होत नाही, पण ती घरात आणतात. म्हणजे तुम्हाला सगळं ठणठणीत वाटत असतानाच आजीच्या जिवाशी खेळ झालेला असेल. ६७ वय आणि मधुमेह, या दोन गोष्टी एकत्र आल्या की आजार गंभीर व्हायचा धोका बराच वाढतो.

आल्याबरोबर टेस्ट करू, असं मिस्टर म्हणतील. दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालाला काही अर्थ नसतो. विषाणू नाका-घशात सापडण्याइतका वाढायला दिवस लागतात. शेवटच्या संपर्कानंतर पाचव्या ते सातव्या दिवशी, म्हणजे ४ ते ६ एप्रिलला केलेली आरटी-पीसीआर उपयोगाची. लॅबवर जाऊन केली तर सरकारी कमाल दर ७०० रुपये, चौघांचे २,८००. आणि तोपर्यंत सासूबाई वेगळ्या खोलीत, वेगळा संडास, जेवण दाराशी. घरात एकच संडास असेल तर हे जमत नाही, त्यापेक्षा त्या दोन आठवडे लेकीकडे राहिलेल्या बऱ्या.

सासूबाईंसाठी याच आठवड्यात करायचं एक काम मात्र सहलीपेक्षा महत्त्वाचं आहे. १ मार्चपासून साठ वर्षांवरच्या सगळ्यांना लस सुरू झालीय. कोविन पोर्टलवर एका मोबाइल नंबरावर चार जणांची नोंदणी होते. आधार कार्ड सोबत न्या. सरकारी केंद्रावर मोफत, खासगीत डोसला २५० रुपये. त्या दिवशी शुगरच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, उपाशीपोटी जायचं नाही, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं. समजा गुरुवारी, १८ तारखेला पहिला डोस झाला. दुसरा २८ दिवसांनी, १५ एप्रिलला. त्यानंतर शरीराला नीट तयारी करायला आणखी दोन आठवडे. म्हणजे २९ एप्रिलच्या आधी त्यांना भरवशाचं संरक्षण नाही. तुमची सहल २७ मार्चची. लस घेतली म्हणून निघालो, असा हिशेब इथं बसत नाही.

आता पैशांकडे येऊ, कारण खरा वाद तिथंच आहे.

बुडणारे पैसे सगळे मिळून किती? हॉटेल ५,६००, पार्क ३,८०० आणि रेल्वेचं भाडं. आता दुसरी बाजू मांडा. तिथं गेल्यावर तुमच्यापैकी एक पॉझिटिव्ह निघाला, तर गाडीत बसून परत येता येत नाही. सौम्य आजार असला तरी लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस विलगीकरण. २,८०० रुपये रोजाच्या खोलीचे दहा दिवसांचे २८,००० होतात, आणि पॉझिटिव्ह माणसाला खोली देणारं हॉटेल मिळायला हवं ते वेगळंच. एक पालक आजारी, दुसरा त्याच्याजवळ, मग लेकरं कुणाजवळ? परक्या शहरात याचं उत्तर आधी ठरलेलं नसेल तर निघूच नये.

आजाराशिवायही ही सहल मोडायची शक्यता बरीच आहे. हिंगोलीत १ ते ७ मार्च संचारबंदी होती. औरंगाबादचं वर आलंच. १५ मार्चच्या राज्याच्या आदेशानं ३१ मार्चपर्यंत हॉटेलं, सिनेमागृहं निम्म्या क्षमतेवर आणली. जिल्हाधिकाऱ्यांचे असे आदेश दोन-तीन दिवस आधी निघतात. मिस्टरांच्या मनात कदाचित असं असेल की थांबू या, लॉकडाऊन लागला की आपोआप पूर्ण रिफंड मिळेल. इथंच लोक फसतात. रेल्वे पूर्ण पैसे देते ते गाडी रद्द झाली तर. जिल्ह्यात संचारबंदी लागली तरी गाड्या धावतच असतात. गाडी धावली आणि तुम्ही स्टेशनापर्यंत गेला नाहीत, तर ते पैसे गेले. हॉटेलचंही तसंच. हॉटेल हैदराबादेत उघडं आहे, तुमचा जिल्हा बंद असला तर तो त्यांचा प्रश्न नाही. शिवाय आदेश निघाला की त्या दुपारी सगळेच फोन करतात आणि समोरचा कुणाचंच नीट ऐकून घेत नाही.

हॉटेलचं बुकिंग कुठल्या दरात झालंय ते आधी बघा. पावतीवर 'फ्री कॅन्सलेशन' अमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं, किंवा 'नॉन रिफंडेबल'. पहिलं असेल तर प्रश्नच मिटला, ती तारीख गाठा. दुसरं असेल तर वेबसाइटवरचं रद्दचं बटण दाबू नका. ते एकदा दाबलं की बोलायला जागा उरत नाही. थेट हॉटेलला फोन लावा आणि पैसे परत मागू नका, तारीख पुढे मागा. सध्या खोल्या रिकाम्या आहेत, हातात आलेलं गिऱ्हाईक सोडायला मॅनेजर तयार नसतो. पैसे त्याच्याकडेच राहणार म्हटल्यावर तो ऐकतो. मात्र तोंडी कबुलीवर थांबू नका. व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर तीन गोष्टी लिहून घ्या: किती तारखेपर्यंत चालेल, त्या वेळी दर वाढला तर फरक कोण देणार, आणि सरकारनं बंद केलं तर मुदत वाढणार का. वेबसाइटमार्फत बुकिंग असेल तर हॉटेलवाला 'तुम्ही त्यांच्याशी बोला' म्हणतो आणि वेबसाइटवाले 'हॉटेलनं होकार द्यायला हवा' म्हणतात. अशा वेळी हॉटेलचा लेखी होकार आधी मिळवायचा आणि तोच वेबसाइटच्या कस्टमर केअरला पाठवायचा.

पार्कच्या तिकिटालाही हेच तीन प्रश्न. त्यात चौथा घाला: सुट्टीच्या दिवसाचं तिकीट आहे, ते आम्ही मधल्या वारी वापरलं तर चालेल का? शाळा ऑनलाइन असेपर्यंत तुम्हाला मंगळवार-बुधवार सहज जमेल, गर्दीही निम्म्यावर येते. तीन महिन्यांची मुदत देऊ केली तर नको म्हणा. ती जूनमध्ये संपते, म्हणजे कडक ऊन किंवा पाऊस. निदान डिसेंबरपर्यंतची मागा.

प्रवास विमा काढला असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. मनात धास्ती बसली म्हणून रद्द केलेल्या सहलीचे पैसे विमा देत नाही.

आणि लेकरांचं मन? नऊ वर्षांच्या मुलाची उंची एकदा मोजा. त्या वयाची मुलं साधारण १३० सेंटिमीटरच्या आसपास असतात. मोठ्या पार्कांतल्या थरारक राइडना पुष्कळदा १४० सेंटिमीटरची अट असते. दारातच पट्टी असते आणि तिथला माणूस कुणाचं ऐकत नाही. म्हणजे ज्या राइडसाठी तो वर्षभर झुरतोय, तिच्यावर त्याला आत्ता बहुधा चढूच देणार नाहीत. तिकीट काढून, रांगेत उभं राहून हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची दिलेली असते, ती त्याच्यासोबत बसून बघा. 'कोरोना गेला की जाऊ' असं मात्र सांगू नका. ते कधी होईल हे कुणालाच माहीत नाही, आणि लेकरं रोज विचारत राहतात. होळीच्या सुट्टीत सकाळी सातच्या आत हत्तीबेटला घेऊन जा. देवर्जनजवळची ती टेकडी तुम्हाला घराशेजारीच आहे. घरचा डबा न्या, देवळाजवळ गर्दी असेल तर लेणी बघून खाली उतरा, ऊन चढायच्या आत परत या. हे हैदराबाद नव्हे, हे खरंय.

पुन्हा कधी ठरवायचं, याचा अंदाज एकूण रुग्णांच्या आकड्यावरून बांधू नका. चाचण्या वाढल्या की तो वाढतो. जिल्ह्याच्या रोजच्या पत्रकात तपासलेले नमुने आणि त्यातले पॉझिटिव्ह, दोन्ही असतात. भागाकार करा. हजारात १५० पॉझिटिव्ह म्हणजे १५ टक्के. लातूर आणि हैदराबाद, दोन्हीकडे हा दर सलग चौदा दिवस ५ टक्क्यांच्या खाली राहिला आणि सासूबाईंच्या दुसऱ्या डोसला दोन आठवडे होऊन गेले, की खुशाल तारीख धरा. आम्हाला दिवाळीनंतरचे मधले वार सगळ्यात योग्य वाटतात.

इतकं सांगूनही घरात जायचंच ठरलं, तर निदान हे करा. गाडी स्वतःची, माणसं तुमच्याच घरातली. माणशी दिवसाला तीन थ्री-प्लाय मास्क, ओला झाला की बदलायचा, ओले वेगळ्या पिशवीत. गेट उघडताच आत शिरायचं, दुपारी बाराच्या आत मोठ्या राइड उरकायच्या आणि तीनला बाहेर. अंधाऱ्या राइड आणि थिएटर वगळा. जेवण पार्सल घेऊन झाडाखाली. सोबत थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर. कुणाला ताप-खोकला आला तर सहा मिनिटं साधं चालवून ऑक्सिजन बघायचा. ९४ च्या खाली गेला, किंवा चालण्याआधीपेक्षा तीननं उतरला, तर खोलीत थांबू नका, दवाखाना गाठा.

फोनांचा क्रम असा ठेवा. आधी दिराला, म्हणजे तेही त्यांची तिकिटं वेळेत रद्द करतील. मग हॉटेल, मग पार्क. रेल्वे शेवटी ठेवली तरी चालते, कारण तिचं नुकसान ठरलेलं आहे. गाडीच्या वेळेआधी ४८ तासांपर्यंत थ्री-एसीच्या कन्फर्म तिकिटामागे १८० रुपये आणि त्यावर जीएसटी कापतात. जाऊन-येऊन आठ तिकिटांचे मिळून साधारण दीड हजार. तुमच्या जायच्या तिकिटांची ही सीमा बुधवारी, २४ तारखेच्या रात्री संपते. त्यानंतर बारा तास आधीपर्यंत भाड्याच्या २५ टक्के, चार तास आधीपर्यंत निम्मे, आणि पुढं काहीच परत नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट खिडकीवर रद्द होत नाही, ज्या खात्यातून काढलं त्यातूनच करावं लागतं. जायचं आणि यायचं तिकीट वेगवेगळं असतं. जायचं रद्द करून लोक निवांत होतात आणि परतीचं तसंच राहून जातं. दोन्ही रद्द झाल्याचे मेसेज आल्याशिवाय फोन खाली ठेवू नका.